रस्त्यावरील शिस्त आणि शाळा

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



वाचन व गणित ह्या विषयांवर आज सकाळपासून पुष्कळ विचारविनिमय झाला. परिषदेचा शेवटचा अर्धा तास मी मुद्दाम मागून घेतला आहे. ज्या विषयावर बोलावयाचे आहे, त्याला आपल्या वेळापत्रकात स्वतंत्र तास नाही. परंतु शाळेत येताना व घरी जाताना आपल्या मुलांना तो रोज भेटतो. तो विषय म्हणजे रस्त्यावरील सुरक्षितता.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी 15,224 महाराष्ट्रातील होती. देशातील एकूण मृतांमध्ये अठरा वर्षांखालील मुले 9,528 होती. आपल्या हजेरीपटाच्या हिशेबाने, एका वर्गात तीस मुले धरली तर एका वर्षात तीनशेहून अधिक वर्ग रिकामे झाले. हेल्मेट न घातल्यामुळे प्राणास मुकलेल्यांची संख्या 50,029 होती.

ह्यावर सरकारने उपाय केला नाही असे नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती होऊन दंड पुष्कळ वाढविण्यात आला. विनापरवाना वाहन चालविल्यास पूर्वी पाचशे रुपये दंड होता, तो पाच हजार झाला. मद्यपान करून वाहन चालविल्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठरल्या. महाराष्ट्राने प्रथम ही वाढ थांबवून ठेविली व डिसेंबर 2021 पासून नवे दर लागू केले. तथापि केवळ दंड वाढला म्हणून अपघात कमी झाले, असे दिसून आले नाही. 2022 चा आकडा मी सांगितलाच. 2023 सालीही राज्यातील मृतांची संख्या पंधरा हजारांच्या वरच राहिली.

असे का व्हावे? ह्याचे उत्तर आपणां शिक्षकांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? एक गुरुजी सहा महिन्यांतून एकदा वह्या तपासतात आणि त्या दिवशी मोठी शिक्षा करतात. दुसरे गुरुजी शिक्षा जवळजवळ करीतच नाहीत, परंतु वही रोज पाहतात. गृहपाठ कोणाच्या वर्गात होतो, हे सांगावयास नको. शिक्षेच्या मोठेपणापेक्षा तिची खात्री माणसाला अधिक वळण लावते.

आपल्या शहरातील अनुभवही हाच आहे. शहराचे नाव औरंगाबाद होते त्या काळात, 2016 साली, तेथे हेल्मेटसक्तीची मोहीम मोठ्या कडकपणे राबविण्यात आली. त्या दिवसांत हेल्मेटशिवाय बाहेर पडण्यास माणसे कचरू लागली. पुढे तपासणी सैल झाली आणि हेल्मेट डोक्यावरून कोपरावर, कोपरावरून आरशावर व शेवटी घरच्या माळ्यावर गेले. दंडाची रक्कम नाहीशी झाली नव्हती. पाहणारा डोळा तेवढा नाहीसा झाला होता.

हा डोळा सतत उघडा राहावा म्हणून आता यंत्राची मदत घेतली जात आहे. 2019 च्या दुरुस्तीत कलम 136 अ घालण्यात आले आणि त्याअन्वये 2021 साली नियम झाले. ज्या शहरांत अशी यंत्रे बसवावयाची त्यांच्या यादीत आपले शहरही आहे. कॅमेरा वाहनाचा क्रमांक वाचतो, वेग मोजतो, छायाचित्र घेतो आणि वाहनमालकाच्या मोबाईलवर चलन जाते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2024 पासून अशी व्यवस्था सुरू आहे. तिला ओळखदेख नाही, तेव्हा वशिलाही नाही.

ह्या व्यवस्थेचा आणखी एक लाभ आपल्याच जिल्ह्यातील एका दुःखद घटनेने ध्यानात येतो. 15 ऑक्टोबर 2023 रोजी पहाटेपूर्वी, समृद्धी महामार्गावर वैजापूर तालुक्यातील जांबरगाव टोलनाक्याजवळ भाविकांची लहान बस एका मालट्रकवर आदळली व 12 जण मृत्यू पावले. बसमध्ये आसनक्षमतेहून पुष्कळ अधिक माणसे होती. ट्रक परिवहन विभागाच्या पथकाने थांबविला होता, असा आरोप झाला आणि दोन सहायक मोटार वाहन निरीक्षकांना अटक झाली. दोष कोणाचा किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परंतु भरधाव रस्त्यावर वाहन अडवून तपासणी करण्यात केवढा धोका आहे, हे ह्यावरून सहज समजावे. कॅमेऱ्याला वाहन अडवावे लागत नाही.

यंत्र चुकत नाही, असे मी म्हणणार नाही. म्हणूनच ते तपासून प्रमाणित केलेले असावे, कॅमेरा असलेल्या जागी तशी सूचना देणारा फलक असावा आणि नोटीस पंधरा दिवसांत जावी, असे नियम सांगतात. चलन चुकीचे वाटल्यास नागरिकाने तक्रार अवश्य करावी.

मात्र येथे एक कबुली दिली पाहिजे. गेल्या वर्षी मलाच एक चलन आले. एका शाळेची भेट आटोपून मी दुचाकीने परत येत होतो. छायाचित्रात मी स्पष्ट दिसत होतो. हेल्मेट मात्र गाडीच्या हुकाला अडकविलेले होते. प्रथम मला कॅमेऱ्याचा राग आला. मग मनात आले की, त्या शाळेची मुले मला निरोप द्यावयास फाटकापर्यंत आली होती. कॅमेऱ्याने जे एकदा पाहिले, ते त्यांनी त्याआधीच पाहिले होते. दंड मी त्याच रात्री भरला; परंतु मुलांपुढील तो धडा पुसावयाचा कसा, हे मला अद्याप उमगलेले नाही.

बंधुभगिनींनो, गंगापूर-पैठणकडील आडवाटांवर, कन्नड-सोयगावच्या वाड्यावस्त्यांवर कॅमेरा लवकर पोहोचेल असे नाही. तेथे रात्री उसाचा ट्रॉलर मागच्या दिव्यावाचून उभा असतो आणि आठवीतला मुलगा दोन मित्रांना पाठीशी बसवून वडिलांची मोटारसायकल पिटाळतो. तेथे पाहणारा डोळा शाळेचाच.

म्हणून तीन गोष्टी आपण ह्याच महिन्यात कराव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली : आपल्यापैकी जे दुचाकीने जा-ये करतात, त्यांनी हेल्मेट घालूनच फाटकातून आत यावे व तसेच बाहेर पडावे. ह्यासाठी वेगळा पाठ घ्यावा लागत नाही.

दुसरी : पालकसभेत कलम 199 अ समजावून सांगावे. अल्पवयीन मुलाच्या हातून वाहन चालविताना गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. पोरगा गाडी चालवितो म्हणून कौतुक करणाऱ्या बापाला हे ठाऊक नसते.

तिसरी : गणिताचा एक तास मैदानावर घ्यावा. ताशी 60 किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात किती अंतर कापते, हे मुलांकडून काढून घ्यावे. उत्तर सुमारे 17 मीटर येईल. तेवढे अंतर फितीने मोजून चुन्याची रेघ मारावी आणि सांगावे की, चालकाचा पाय ब्रेकवर पडण्यापूर्वीच गाडी येथवर येते. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हे वरच्या वर्गांना सांगावे. ती रेघ मुलांच्या दीर्घकाळ स्मरणात राहील.

कायद्याने धाक बसेल, यंत्राने तो धाक खात्रीचा होईल. परंतु जेथे दोन्ही नाहीत तेथेही मुलाने थांबावे, उजवीकडे-डावीकडे पाहावे व मगच रस्ता ओलांडावा, ही सवय लावण्याचे काम आपले आहे. उद्याच्या हजेरीत प्रत्येक नावाला 'हजर' असे उत्तर यावे, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.