पास्ता, चिकन आणि ताटातला न्याय

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



फळ्यावर ‘पास्ता आणि चिकनचं पोटभरीचं सॅलड’ असा विषय वाचून तुमच्यातल्या काही जणी हसल्या. स्वयंपाकघरातून बाहेर पडायचं म्हणतो, आणि ही बाई आम्हाला परत ओट्यापाशी नेऊन उभं करते! हसणं रास्त आहे. मी काही पाककला शिकवणारी नाही, वस्तीत काम करते. पण रक्तवाढीच्या गोळ्यांबद्दल बोलताना असो, की मारहाणीची तक्रार लिहून घेताना असो, बोलणं फिरून ताटाशी येतं. ‘पोळी गार होती म्हणून मारलं’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलं आहे.

आधी आकडे पाहू. सरकारच्या २०१९ सालच्या वेळेच्या वापराच्या पाहणीत, दिवसभरात बिनमोल घरकाम करणाऱ्या बायका होत्या ८१ टक्के आणि पुरुष २६ टक्के. जे करत होते, त्यांच्यातही बायकांची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. दुसरा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा, २०१९-२१ चा: महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय. हे दोन आकडे वेगवेगळे वाचू नका. जी सर्वांत जास्त वेळ राबते, ती सर्वांत शेवटी आणि उरलंसुरलं खाते.

आता आपल्या रात्रीच्या जेवणाची रीत बघा. पोळी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. म्हणजे बाकीचे जेवत असताना एकीने गॅसपाशी उभं राहायचं, हे ठरूनच गेलं. कोंबडी शिजली तर तंगडी कुणाला, काळीज कुणाला, हेही ठरलेलं. तिच्या वाट्याला रस्सा आणि पातेल्याच्या तळाचा तुकडा. यात कुणी दुष्टपणा करतं असं नाही. जेवणाची घडणच तशी आहे.

म्हणून हे सॅलड निवडलं. ते गारच खायचं असतं, त्यामुळे कुणाला तव्यापाशी उभं राहावं लागत नाही. कोंबडीचे धागे करून सगळ्यात मिसळलेले असतात, त्यामुळे तंगडीचा मानकरी उरत नाही. आणि तासाभरात चौघांचं पूर्ण जेवण होतं.

पास्ता म्हणजे परका पदार्थ म्हणून बिचकू नका, शेवयांचाच तो भाऊबंद. पाकीट घेताना ड्युरम गव्हाच्या रव्याचा आहे ना, एवढं वाचा. मैद्याचा लवकर गिचका होतो. आपला बन्सी गहू हाही ड्युरम जातीचाच.

चौघांसाठी पाव किलो पास्ता आणि ४०० ग्रॅम बिनहाडाची कोंबडी. कोंबडी नळाखाली धुऊ नका. त्या पाण्याचे शिंतोडे ओट्यावर आणि भाज्यांवर उडतात, जंतू पसरतात. ती बुडेल एवढ्या पाण्यात मीठ, आलं, चार मिरे घालून उकळी आणा. मग आच मंद करून, झाकण ठेवून १५ मिनिटं शिजवा. सर्वांत जाड तुकडा कापून पाहा. आत गुलाबी दिसता कामा नये. निवल्यावर हाताने धागे काढा. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीच्या आमटीला ठेवा.

पास्ता अडीच लिटर उकळत्या पाण्यात, मोठा चमचाभर मीठ घालून शिजवा. गार झाल्यावर तो थोडा कडक होतो, म्हणून पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा मिनिटभर जास्त ठेवा. निथळून चमचाभर तेल चोळा आणि परातीत पसरा.

वाटीभर घट्ट दही, तीन चमचे तेल, एका लिंबाचा रस, ठेचलेला लसूण, थोडी फेसलेली मोहरी, मिरपूड, मीठ हे एकत्र घुसळा. पास्ता कोमट असतानाच यातलं निम्मं त्याला लावा, म्हणजे चव आत मुरते. मग कोंबडी, काकडी, गाजर, सिमला मिरची, कांदा, बिया काढलेला टोमॅटो, वाटीभर उकडलेले छोले आणि उरलेलं दही. वरून भाजलेले दाणे आणि कोथिंबीर. दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. उन्हाळ्यात तर तासाभरात संपवा नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा.

एका ताटात ३० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम लागतात. कोंबडीत लोह फार नसतं, पण ती छोल्यांतलं लोह अंगी लागायला मदत करते, लिंबूही करतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर ही मदत वाया जाते.

मांसाहार न करणाऱ्यांनी कोंबडीऐवजी छोले वाढवावेत, पनीर घालावं. पास्ता परवडत नसेल तर उकडलेले बटाटे घ्या. दाणे, मोड आलेली मटकी यांनीही पोट भरतं. मुद्दा पास्त्याचा नाहीच.

मघाशी एका मैत्रिणीने विचारलं, ‘घरचे म्हणतील, हेही कर आणि पोळीभाजीही कर. मग?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. नवा पदार्थ जुन्या कामावर चढला, तर २९९ ची ३३० मिनिटं होतील आणि कौतुक तेवढं पदरात पडेल. म्हणून दोन अटी. पहिली, त्या रात्री पोळ्या नाहीत. दुसरी, कांदा चिरणं, कोंबडीचे धागे काढणं, परात घासणं ही कामं नवऱ्याने आणि मुलग्यांनी वाटून घ्यायची. यातलं एकही काम असं नाही की ज्याला बाईचाच हात लागतो.

आणि वाढताना चार ताटं आधी मांडा, एकाच डावाने सारखं वाढा, मगच बसा. ‘मला कमी चालेल’ हे वाक्य त्या रात्री कुणीही म्हणायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने तीन गोष्टी लिहून आणा: कुणी चिरलं, कुणी घासलं, आणि तुम्ही कितव्या क्रमांकाला जेवायला बसलात. वादावादी झाली असेल तर तीही लिहा. आपल्याला पुढची चर्चा तिथूनच सुरू करायची आहे.