शेगडी गार पडते, मग मोटर का जळते?

(पैठण येथे शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपण नाथसागराच्या उशाला बसलो आहोत. १९७६ साली हे धरण पुरे झाले. पण कालव्याचे पाणी उंचावरच्या रानात चढत नाही. आपली कपाशी आणि ज्वारी पावसावर, आणि पावसाने दगा दिला तर विहिरीच्या एक-दोन पाण्यांवर. कपाशीची बोंडे भरताना एक पाणी, ज्वारी पोटरीत असताना एक पाणी. आणि नेमकी त्याच आठवड्यात मोटर जळते. कारण त्याच आठवड्यात सगळ्यांच्या मोटरी चालू असतात.

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे चालू बिल शासन भरते. बिल माफ झाले, वायंडिंग माफ झालेले नाही. ते आपल्याच खिशातून जाते. म्हणून आज आम्ही घोषणा द्यायला नाही, हिशेब मांडायला उभे आहोत.

स्टार्टरच्या पेटीवर दोन काटे असतात. एक व्होल्टचा, म्हणजे विजेचा दाब. दुसरा अँपिअरचा, म्हणजे विजेचा प्रवाह. व्होल्टला अँपिअरने भागले की ओहम निघतात, म्हणजे तारेचा अडथळा. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॉट निघतात, म्हणजे शक्ती. एक भागाकार आणि एक गुणाकार. यासाठी इंजिनिअर लागत नाही.

आधी घरातली शेगडी घ्या. १००० वॉटची कॉइल २३० व्होल्टवर ४.३५ अँपिअर घेते. २३० भागिले ४.३५, म्हणजे ५३ ओहम. हा अडथळा कॉइलचा स्वतःचा आहे, तो फारसा बदलत नाही. दाब १६० वर आला की १६० भागिले ५३, म्हणजे ३ अँपिअर. १६० गुणिले ३, म्हणजे ४८० वॉट. निम्म्याहून कमी. म्हणून चहाला उकळी येत नाही.

आता मोटर. शेगडीवर ओझे नसते, मोटरवर असते. विहिरीची खोली तीच, पाण्याचे वजन तेच, म्हणून मोटरला वॉटही जवळपास तेवढेच लागतात. थ्री फेजला व्होल्ट गुणिले अँपिअर, त्याला १.७३ ने गुणायचे आणि पॉवर फॅक्टरने, साधारण ०.८५ ने, पुन्हा गुणायचे. पाच अश्वशक्तीची मोटर ४१५ व्होल्टवर साडेसात अँपिअर घेते. हे झाले सुमारे ४५८० वॉट. यातले ३७३० वॉट कामाला येतात, कारण एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. बाकीची उष्णता.

दाब ३०० वर उतरला की तेवढ्याच वॉटसाठी तीच मोटर साडेसातऐवजी १०.४ अँपिअर ओढते. तारेतली उष्णता मात्र अँपिअरच्या वर्गाने वाढते. साडेसातचा वर्ग ५६, १०.४ चा १०८. तांब्याची तार तीच आणि उष्णता जवळजवळ दुप्पट. वार्निश करपते, वायंडिंग जाते. मोटर नशिबाने जळत नाही, हिशेबाने जळते.

हाच हिशेब केबलला लावा. डीपीपासून विहीर ३०० मीटर आणि ॲल्युमिनियमची केबल चार स्क्वेअर एमएमची असेल, तर एका तारेचा अडथळा सुमारे २.१ ओहम. साडेसात अँपिअरला तिन्ही तारांत मिळून साडेतीनशे वॉट जातात, म्हणजे जवळपास अर्धी अश्वशक्ती. वर २७ व्होल्ट वाटेतच संपतात. दहा एमएमची केबल असेल तर हा तोटा दीडशे वॉटच्या आत येतो. स्वस्त केबल अशी महाग पडते.

आणि डीपी. ६३ केव्हीएची डीपी ४१५ व्होल्टला ८७ अँपिअर देते. पाच अश्वशक्तीचे अकरा पंप, बस्स. तिच्यावर अठरा असले तर १३५ अँपिअर लागतात. मग दाब पडतो, दाब पडला की प्रत्येक मोटर जास्त ओढते, आणि दाब आणखी पडतो.

दोष सगळा समोरच्याचा नाही, हेही बोलले पाहिजे. आकडा टाकणारा आपल्यातला आहे. तीनची मंजुरी घेऊन पाचची मोटर सोडणारा आपल्यातला आहे. ऑटो स्विच लावून वीज येताच सगळे पंप एकदम सुरू करणारे आपणच, आणि थेट सुरू होणारी मोटर त्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. रिले सारखा पडतो म्हणून त्याचा आकडा वाढवणारेही आपणच. तो राखण्या आहे, त्याला मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवरच ठेवा. अँपिअरचा काटा पाटीच्या पुढे गेला की मोटर बंद करा.

पण आपले घर झाडल्यावर समोरच्यालाही विचारायचे. लघुदाब वाहिनीवर ठरलेल्या व्होल्टेजपेक्षा शेकडा ६ च्या वर फरक पडू नये, असा नियम आहे. ४१५ चे ३९० पर्यंत, त्याखाली नाही. ३०० व्होल्ट मिळत असतील तर ती मेहेरबानी नव्हे, ती तूट आहे.

तेव्हा आज घरी गेल्यावर एक वही करा. पंधरा दिवस तारीख, वेळ, व्होल्ट आणि अँपिअर लिहा. पेटी उघडू नका, काटे बाहेरूनच दिसतात. काटा खोटा वाटला तर वायरमनकडून एकदा मीटरने ताडून घ्या. एका डीपीवरच्या सगळ्यांनी आपापल्या वह्या एकत्र करा, पंप मोजा, खाली सह्या करा, आणि अर्ज देऊन पोच घ्या. ‘व्होल्टेज कमी येते’ असे सांगितले की ‘बघतो’ असे उत्तर मिळते. ‘६३ ची डीपी, अठरा पंप, या तारखेला या वेळी ३०० व्होल्ट’ असे लिहून दिले, तर नुसते ‘बघतो’ म्हणून भागत नाही.

कापसाचा उत्पादन खर्च आपण काढायला शिकलो. आता विजेचाही हिशेब काढू या.