प्लॅन दोन, घरं अठ्ठेचाळीस

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



सेक्रेटरींनी मला दहाच मिनिटं दिली आहेत. आयुष्य बँकेच्या कर्जखात्यात गेलं, तेव्हा घर म्हटलं की मला आधी मंजूर प्लॅन आठवतो. आज त्यावरच बोलतो.

पंचवीस वर्षांपूर्वी बिल्डरने आपल्याला दोनच प्लॅन दिले, वन बीएचके आणि टू बीएचके. आज अठ्ठेचाळीस घरांत फिरून या, एकासारखं दुसरं सापडणार नाही. कुणी गॅलरी आत घेऊन मुलाच्या अभ्यासाचं टेबल टाकलं, कुणी किचनची भिंत काढून हॉल मोठा केला, कुणी पॅसेजमध्ये देवघर बसवलं. प्लॅन काढणाऱ्याने चौकोनी कुटुंब धरलं होतं. आपल्याकडे आजी होत्या, दहावीची मुलं होती, आणि मे महिन्यात कोकणातून येणारे पाहुणे तर होतेच!

हे जमलं, कारण आपली इमारत आरसीसी फ्रेमची. भार कॉलम-बीमवर, मधल्या विटांच्या भिंती आडोशाच्या. (म्हणून उद्या हातोडा घेऊ नका हं. उपविधींप्रमाणे समितीची लेखी परवानगी लागते, आणि समितीनेही ती इंजिनिअरला दाखवल्याशिवाय देऊ नये.)

घर राहणाऱ्याच्या गरजेप्रमाणे बदलावं, हा विचार आपल्या शेजारीच मुद्दाम करून झालेला आहे. बेलापूरला सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते ८६ च्या सुमारास वसाहत बांधली. लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. साधारण सहा हेक्टरमध्ये साडेपाचशे कुटुंबं, प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, सात-सात घरांमध्ये एक अंगण. गंमत अशी, की दोन घरांत सामाईक भिंत ठेवलीच नाही. शेजाऱ्याला धक्का न लावता ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे खोली वाढवावी. लोकांनी ती वाढवली, काहींनी तर मूळ घर पाडून मजले चढवले. जुनं रूप गेलं म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. घर राहण्यासाठी असतं, फोटोसाठी नव्हे.

चौथ्या मजल्यावर खोली वाढवता येत नाही, हे मान्य. पण निदान आतली भिंत तरी आपल्या हातात होती. आता तीही जाते आहे. घोडबंदरला, कल्याण-शीळ रोडला नवे टॉवर बघा. पुष्कळ ठिकाणी ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओततात. साइटवर त्याला मिवान म्हणतात. काम झटपट होतं, इमारत मजबूत होते, नाव ठेवायला जागा नाही. पण भारवाहू भिंतीला नंतर हात लावता येत नाही. विजेचे पाइपसुद्धा आतच गाडलेले, म्हणजे गिझरचा पॉइंट कुठे हेही ओतण्याआधीच ठरलं पाहिजे. आणि तोच साचा प्रत्येक मजल्याला फिरतो, त्यामुळे एकट्यासाठी बदल करायला बिल्डर तयार नसतो.

रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बिल्डरला संमतीशिवाय मंजूर प्लॅन बदलता येत नाही. पण तुम्हाला हवा तो बदल त्याने करावा, असं त्यात कुठे नाही. तो आधी मागून करारात लिहून घ्यावा लागतो.

हे आज सांगतोय, कारण येत्या दहा-बारा वर्षांत पुनर्विकासाचा विषय आपल्याकडेही निघणार. डोंबिवलीत जिथे निघाला तिथे चर्चा एकच ऐकू येते : जादा कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती. संडासाचा दरवाजा किती रुंद, हे कुणी विचारत नाही. तेव्हा आपल्यातले निम्मे ऐंशीच्या पुढे असू. अडीच फुटांच्या दरवाज्यातून व्हीलचेअर नेऊन बघा, म्हणजे कळेल. तो तीन फुटांचा हवा. किचन आणि हॉलमधली भिंत काँक्रीटची नको, ब्लॉकची हवी, म्हणजे पुढची पिढी ती काढू शकेल. अशा मागण्या सगळ्यांनी मिळून केल्या तर साचाच तसा बनतो.

कलम ७९अ खालच्या शासन निर्देशांप्रमाणे आर्किटेक्ट सोसायटीने नेमायचा असतो, म्हणजे तो आपला माणूस. त्याच्या हातात द्यायला कागद आत्तापासून तयार हवा. समितीला विनंती, एक साधा फॉर्म काढा आणि घरटी भरून घ्या. घरात कोण कोण आहे, कुणाचे गुडघे दुखतात, कोण घरून काम करतं, कुठे अडचण होते. सही कर्त्या पुरुषाची असली तरी उत्तरं स्वयंपाकघरातून घ्या.

आमच्या घरचा फॉर्म मी साध्या कागदावर लिहून आजच सेक्रेटरींकडे दिला आहे. त्यातली पहिली मागणी सौभाग्यवतींची आहे : वॉशिंग मशीनला बाथरूमबाहेर जागा.