तारेचा सूर आणि विजेची गुणगुण



चैत्र जवळ आला कीं नारायणगावांत तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि ठिकठिकाणच्या यात्रांचे पंच सुपारी देण्यासाठीं तेथें जमतात. विठाबाईंच्या नांवामुळें हें गांव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. पण आज मी ढोलकीविषयीं बोलणार नाहीं. त्याच यात्रांतून गाण्यांचे कार्यक्रम करीत हिंडणाऱ्या वाद्यवृंदांतील विजेच्या गिटारीची ही हकीकत आहे.

मंचरचा एक तरुण वादक एके दिवशीं रडकुंडीस येऊन माझ्याकडे आला. मांडवांत जनरेटर सुरू होऊन रंगीत दिवे लागले, कीं त्याच्या गिटारींतून अशी गुणगुण निघे, कीं गायिकेचा हळुवार आलाप तींत बुडून जाई. चालकानें त्यास आठ दिवसांची मुदत दिली होती. पुढें दुसरा वादक पाहूं, असें स्पष्ट बजावलें होतें. यात्रांचे दोन-तीन महिने हीच त्याची वर्षाची मुख्य मिळकत.

गिटारीच्या पोलादी तारांखालीं जो पिकअप असतो, तो म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचें हजारों वेढ्यांचें वेटोळें. तार थरथरली कीं चुंबकाचें क्षेत्र हलतें आणि वेटोळ्यांत अल्पसा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. अडचण अशी, कीं आपल्या घरांतील वीज सेकंदास ५० वेळां आंदोलित होते आणि तिचें क्षेत्रहि तेंच वेटोळें टिपतें. अमेरिकेंतील गिब्सन कंपनीचे सेथ लव्हर यांनीं १९५५ सालीं यावरील आपल्या युक्तीच्या पेटंटसाठीं अर्ज केला. तें १९५९ मध्यें मिळालें. त्यांनीं दोन वेटोळीं शेजारीं ठेवलीं, एकाचा चुंबकीय ध्रुव दुसऱ्याच्या उलट ठेवला, आणि जोडणीहि उलट केली. तारेचा सूर चुंबकामुळें एकदां उलटतो व जोडणीनें पुन्हा सुलटतो, म्हणून दोन्हींकडचा सूर एकत्र मिळतो. बाहेरून येणाऱ्या गुणगुणीस मात्र चुंबकाशीं कांहीं कर्तव्य नसतें. ती जोडणीनें एकदांच उलटते आणि आपली आपणच नाहींशी होते. हाच हंबकर.

जातां जातां सांगतों. नारायणगावाजवळच खोडदच्या परिसरांत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, ती प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभी राहिली. कोलाहल कमी म्हणून तो प्रदेश निवडला, तरी वीजवाहिन्यांवरील ठिणग्यांचा उपद्रव तेथील शास्त्रज्ञांनाहि सोसावा लागतो. ठिणगीचा उपद्रव आणि आपली गुणगुण या वस्तू निराळ्या, हें मान्य. पण नाजूक संदेश आणि भोंवतालची वीज यांचें भांडण तेंच.

आमच्या वादकानें उसनवारी करून हंबकर बसविला होता, तरी गुणगुण वाढलीच आणि सूर किनरा झाला! मीं मापून पाहिलें : एकेक वेटोळें सुमारें ४,००० ओहम, दोन्ही एकसर जोडून ८,०००. जोडणी ठीक आहे, असें सांगून मीं दोन दिवस जनरेटरलाच दोष दिला. चूक माझी होती. वेटोळें उलट जोडलें तरीहि माप तेंच येतें! दुरुस्ती करणाऱ्यानें एका कंपनीचा रंगांचा नकाशा दुसऱ्या कंपनीच्या पिकअपास लावला होता. सेमूर डंकनच्या पिकअपांत पांढरी व तांबडी तार एकमेकींस जोडतात. दिमार्झिओच्या पिकअपांत काळी व पांढरी. परिणामीं सूर सुरास खात होता आणि गुणगुण दुप्पट होत होती.

रंगांवर विश्वासूं नये. कांट्याचा मीटर सर्वांत लहान मापावर ठेवून एकेका वेटोळ्यास लावावा, आणि लोखंडी पेचकस त्याच्या लोखंडी खुंट्यांवर टेकवावा. कांटा किंचित् उडतो. दोन्हीं वेळीं तो एकाच दिशेस उडेल अशा रीतीनें टोकांस अधिक-उणे खुणा कराव्या. मग एकाचें उणें दुसऱ्याच्या अधिकास जोडलें कीं एकसर जोडणी झाली : आवाज मोठा व भरदार. अधिकास अधिक, उण्यास उणें जोडलें कीं समांतर : सुमारें २,००० ओहम, आवाज कमी पण स्वच्छ आणि उजळ. या दोहोंतहि गुणगुण जाते. तिसरी रीत एकच वेटोळें चालू ठेवण्याची; तिचा झणझणीत सूर तरुणांस फार आवडतो, पण तींत गुणगुण परत येते. मांडवांत ती वापरूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. उघडी आवरण-तार मात्र कोणत्याहि रीतींत जमिनीच्या टोकासच जावी.

आम्हीं समांतर जोडणी केली. "काका, आवाज पडला," अशी त्याची कुरकुर. मीं ध्वनिवर्धकाची कळ थोडी पुढें फिरविली आणि त्याला जनरेटरकडे तोंड करून उभें राहावयास सांगितलें. त्यानें तारांवर तळवा ठेवला. जनरेटरची धडधड तेवढी ऐकूं येत होती.