योबेलचें वर्ष आणि आनंदवनाचें शेत

(महोत्सवानिमित्त हेंद्रेपाडा येथें दिलेलें व्याख्यान)



ज्या उत्सवास आपण ज्युबिली म्हणतों, तो मूळचा शेताभाताचा उत्सव आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत योबेल वर्षाचा विधि सांगितला आहे. सात वेळां सात वर्षें लोटलीं, म्हणजे पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें. त्या वर्षीं पेरणी-कापणी न करतां जमिनीस विसांवा द्यावा. दारिद्र्यामुळें ज्याची जमीन गेली असेल त्यास ती परत मिळावी. आणि जो दुसऱ्याच्या दारीं राबत असेल त्यानें आपल्या कुळांत परत जावें. भूमि परमेश्वराची, आपण तिच्यावरील उपरे, हें त्याचें कारण.

हेंद्रेपाडा या नांवांतच पाडा आहे. आज उल्हास नदीच्या या बाजूस इमारतींची दाटी झाली आहे. तथापि फाल्गुन लागला कीं डोंगराच्या अंगाला पळस फुलतो, आंब्याला मोहर येतो, आणि पुढें जांभळीही बहरते. हा वसंत आणि आपला पुनरुत्थानाचा सण हे जवळजवळ बरोबरच येतात. म्हणून नूतन जीवनाविषयीं बोलतांना आज मी आपणांस एका सामाईक शेताची हकीकत सांगणार आहें. तें शेत विदर्भांत, चंद्रपूर जिल्ह्यांत, वरोऱ्याजवळ आहे. त्याचें नांव आनंदवन.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जो लेवीय ग्रंथ प्रत्येकानें आपल्या कुळांत परत जावें असें सांगतो, तोच ग्रंथ तेराव्या अध्यायांत कुष्ठरोग्यानें छावणीबाहेर एकटें राहावें असेंही सांगतो. म्हणजे शिंगाचा नाद सर्वांनीं ऐकावा, पण एकानें तो दुरूनच ऐकावा! प्रभु येशूनें हें अंतर कसें मिटविलें, तें मार्कच्या शुभवर्तमानांत आहे. त्यानें हात पुढें करून कुष्ठरोग्यास स्पर्श केला. तो मनुष्य शुद्ध होऊन लोकांत परतला. आणि त्याचा बोभाटा झाल्यामुळें प्रभूला उघडपणें गांवांत जातां येईना, तो अरण्यांत राहूं लागला. जणूं दोघांनीं आपापल्या जागा बदलल्या.

अशीच जागा बदलणारे एक गृहस्थ आपल्या महाराष्ट्रांत होऊन गेले. मुरलीधर देवीदास आमटे, ज्यांस सर्व लोक बाबा म्हणत, हे सधन घराण्यांतले वकील होते. त्यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापिली, आणि १९५१ सालीं पत्नी साधनाताई, दोन लहान मुलें, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर पन्नास एकर खडकाळ रानांत संसार मांडला. आनंदवनाचें उद्घाटन विनोबांच्या हस्ते झालें. तेथें पाणी नव्हतें. म्हणून ज्यांचीं बोटें झडलीं होतीं, अशा हातांनीं कातळ फोडून विहीर खणली. मग जमीन साफ झाली, धान्य आलें, भाजीपाला आला. जमीन सर्वांची, श्रम सर्वांचे, आणि जेवण एकाच स्वयंपाकघरांतलें.

येथवर गोष्ट सोपी आहे. कठीण भाग पुढेंच आहे. भाजी खाऊन उरूं लागली, तेव्हां ती वरोऱ्याच्या बाजारांत विकावी असें ठरलें. परंतु गिऱ्हाइकें ती घ्यावयास कचरत. ज्या माणसास भीक घालतांना आपलें कांहीं अडत नाहीं, त्याच माणसानें पिकविलेलें वांगें विकत घेतांना मात्र आपला हात थबकतो! बंधूंनो, माझ्या सांगण्याचें मर्म हेंच आहे. देणें सोपें असतें, कारण देतांना आपण वर असतों. घेणें कठीण, कारण घेतांना आपण समोरच्याच्या बरोबरीस येतों.

हा पेंच फुटण्यास बाहेरचेही हात लागले. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० सालीं, युरोपांत स्थापन झालेल्या एका आंतरराष्ट्रीय सेवासंघाचे तरुण स्वयंसेवक १९५४ सालीं आनंदवनांत आले. त्यांनीं तेथें राहून रुग्णांबरोबर इमारती बांधल्या, त्यांच्याच पंक्तीस जेवले. वरोऱ्याच्या लोकांनीं तें पाहिलें, आणि हळूहळू भीति ओसरली. पुढें साठाच्या दशकांत आनंदवनाच्या भूमीवर महाविद्यालय उभें राहिलें, आणि ज्या गांवानें भाजी नाकारली होती त्याच गांवचीं मुलें तेथें शिकूं लागलीं. १९६७ सालीं मूल तालुक्यांत सोमनाथ येथें दुसरी शेती सुरू झाली, व तेथील श्रमसंस्कार छावणींत देशभरचे तरुण उन्हाळ्यांत घाम गाळण्यास येऊं लागले.

औषधांनीं हा रोग पूर्ण बरा होतो. परंतु देहाचा रोग बरा झाला तरी कुळाचीं दारें उघडतातच असें नाहीं. कुष्ठरोग्यांस वेगळें ठेवण्याचा १८९८ सालचा कायदा २०१६ सालीं रद्द झाला. आणि कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण मानणारीं कलमें गेलीं तीं २०१९ सालीं. इतका काळ बऱ्या झालेल्या अनेकांस परतण्यास कूळच नव्हतें. त्यांच्यासाठीं तें सामाईक शेतच कूळ झालें. योबेलचें शिंग त्यांच्या कानीं कुदळीच्या आवाजानें पडलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

बाबा आमटे ९ फेब्रुवारी २००८ रोजीं वारले. ते आपल्या धर्माचे नव्हते. तथापि तो आपल्या प्रायश्चित्तकाळाचा पहिलाच शनिवार होता, आणि कपाळीं राख लागून आपल्याला तीनच दिवस झाले होते. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांचा देह दहन न करतां आनंदवनाच्याच मातींत ठेवण्यांत आला. मातींत पडणाऱ्या दाण्याविषयीं प्रभूनें जें सांगितलें, तें आपणांस निराळें सांगावयास नको.

वसंत पळसाला आपोआप येतो. खडकाळ रानाला आणि माणसांच्या मनाला तो आपोआप येत नाहीं. तेथें कोणी तरी खणावें लागतें, आणि कोणी तरी तें पीक आनंदानें घरीं न्यावें लागतें. या महोत्सवांत आपण दानधर्म करूं, तो अवश्य करावा. परंतु त्याबरोबर प्रत्येक कुटुंबानें एक प्रश्न स्वतःस विचारावा: असा कोण आहे, ज्याला आपण देतों, पण ज्याच्या हातचें घेत नाहीं? रोगामुळें, जातीमुळें, व्यसनाच्या जुन्या डागामुळें, किंवा तुरुंगांतून आल्यामुळें असा कोणी आपल्या आळींत असेल, तर त्याच्या घरीं जावें, बसावें, आणि तो देईल तें पाणी प्यावें. त्या दिवशीं या धर्मग्रामांत योबेल खरोखर सुरू होईल. तशी सुबुद्धि पुनरुत्थित प्रभु आपणां सर्वांस देवो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.