नाव आधी सांगा, करार लेखी करा



नोकरीनिमित्त मी आंबोलीला राहायला गेलो. दोन खोल्या आणि गाडीला आडोसा, एवढीच माझी गरज. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर, महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी एक. चार महिने गाडी उघड्यावर राहिली तर गंज ठरलेला.

तिथे भाड्याचं घर मिळणं कोणालाही अवघडच. पावसाळ्यात शनिवार-रविवारी कोल्हापूर, बेळगाव, गोव्याहून धबधब्यावर गर्दी लोटते. खोल्या पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने जातात, खळ्यातली जागा त्यांच्या गाड्यांना. वर्षभराचा भाडेकरू अनेक मालकांना परवडत नाही. म्हणून प्रत्येक नकार धर्मामुळेच आला, असं धरून चालू नका.

पण दुसरा नकारही असतो. फोनवर "या, बघून जा" म्हणणारे एक गृहस्थ नाव ऐकल्यावर म्हणाले, "घरात विचारून सांगतो." दुसऱ्यांनी गाडीला जागा नसल्याचं सांगितलं. आठवड्याने तिथे नव्या भाडेकरूची गाडी उभी होती. असा नकार भांडून येत नाही, गोड बोलून येतो. त्यामुळे त्याला उत्तर देणं अधिक कठीण. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालातही मुस्लिमांना घर भाड्याने किंवा विकत घेताना येणाऱ्या अडचणींची नोंद आहे.

कायदा काय म्हणतो? संविधानाच्या कलम १५(२) नुसार धर्म किंवा जातीच्या कारणावरून कोणालाही हॉटेलात प्रवेश नाकारता येत नाही. खाजगी घराचा मात्र त्यात उल्लेख नाही. म्हणजे एका रात्रीच्या मुक्कामाला जे संरक्षण आहे, ते अकरा महिन्यांच्या बिऱ्हाडाला नाही. ही पोकळी भरून काढणारा कायदा मागणं हे आपलं नागरिक म्हणून काम आहे. ते एकट्या मुस्लिमांचं नाही; दलितांचं, एकट्या राहणाऱ्या स्त्रियांचंही आहे.

तोवर काय करायचं? पहिल्याच फोनवर पूर्ण नाव सांगा. चार नकार लवकर येतील, पण हेलपाटे वाचतील. नाव ऐकूनही जो "या" म्हणतो, त्याच्याशी पुढचं बोलणं सरळ होतं. मला घर अशाच एका काकांनी दिलं. त्यांचे प्रश्न दोनच होते: भाडं कधी देणार आणि किती दिवस राहणार?

मग करार लेखी करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. हा कायदा सरसकट प्रत्येक गावाला लागू नाही. आपलं गाव त्याच्या अनुसूचीत आहे का, ते बघा. नसलं तरी लेखी करार करायला कोणाची आडकाठी नाही.

करारात "पार्किंगसह" एवढा शब्द पुरत नाही. जागा कुठली, पत्र्याखाली की उघड्यावर, आणि शनिवार-रविवारीही आपलीच का, हे लिहून घ्या. सावंतवाडीसारख्या शहरात फ्लॅट घेत असाल तर ती जागा सोसायटीने मालकाला दिली आहे का, ते विचारा. इमारतीखालची पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे.

शेवटचा मुद्दा आपल्याच घरांचा. कोकणात आपल्यातल्या कितीतरी जणांची घरं कुलूपबंद आहेत. माणसं मुंबईत नाहीतर आखातात. ती भाड्याने देताना आपण काय विचारतो? जात? नवरा कुठे आहे? डब्यात काय असतं? उद्या वडील किंवा चाचा भाडेकरू बघायला बसतील तेव्हा तुम्ही शेजारी बसा. भाडं आणि मुदत एवढंच विचारू द्या, आणि करार तुम्ही स्वतः लिहा.