सोफीचे म्हातारपण
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



डायाना विन जोन्स या इंग्रज लेखिकेची ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ ही कादंबरी १९८६ सालची. जपानच्या हायाओ मियाझाकी यांनी तिच्यावरून काढलेला ॲनिमेशनपट २००४ चा. नातीच्या आग्रहाने मी आधी चित्रपट पाहिला, मग पुस्तक वाचले.

दोन्हींत टोप्या शिवणारी तरुण सोफी चेटकिणीच्या शापाने म्हातारी होते. चित्रपटात युद्धाला मोठे स्थान आहे. शहरांवर बाँब पडतात. झोपलेली सोफी तिथे पुन्हा तरुण दिसते, हे दृश्य फार हृद्य आहे.

पण मला पुस्तक अधिक भिडले. त्यातली सोफी जे बोलते ते खरे होते. तिच्या जिभेतच जादू आहे. हाउल शाप उतरवू पाहतो, पण उतरत नाही. सोफीलाच म्हातारपण सोयीचे वाटते, असे त्याला वाटते. चित्रपटात हे नाही.

वाचताना मी चपापले. पन्नाशीत मंडळाच्या नाटकातली भूमिका मी “आता माझे वय झाले” म्हणून नाकारली होती. मग तेच पालुपद वीस वर्षे चालले. मला कोणत्या चेटकिणीने शापले होते?

भगिनींनो, यंदाच्या नाटकात मी काम करीत आहे. भूमिका आजीबाईचीच आहे. पण तोंडाने भारी खट आहे!